उघडी पडलेली भिंत

माझी आत्या गिरगावात राहते. गेल्या वर्षीपासून तिच्या उजव्या डोळ्यात ठरावीक अंतराने इंजेक्शन द्यावं लागतं. पडद्यामागे नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात आणि नेमकी समोरची नजर धूसर करतात. त्या वाढीला खतपाणी घालणारं एक प्रथिन शरीरात असतं. इंजेक्शनातलं औषध त्याला धरून ठेवतं. औषध आणायचं काम माझ्याकडे. दुकानदार बाटली थर्माकोलच्या डब्यात जेल-पॅकसकट देतो आणि दर वेळी बजावतो, "मॅडम, मध्ये कुठे थांबू नका. आणि फ्रीजरमध्ये तर अजिबात ठेवू नका."

एकदा आत्याने विचारलं, "अगं, तापाची गोळी माझ्या पर्समध्ये महिनोन्‌महिने पडून असते. तिला काही होत नाही. मग ह्याचेच एवढे लाड कशाला?"

मी रोज संगणकावर औषधांचे रेणू तपासते आणि ते काम याच प्रश्नाभोवती फिरतं. त्यामुळे तिला दोन वाक्यांत उत्तर देऊन मोकळी होणं मला जमलं नाही. तिच्या घरी बसून जे समजावलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

तापाच्या गोळीतल्या पॅरासिटामॉलच्या रेणूत एकूण २० अणू असतात. ते एकमेकांना पक्के बांधलेले असतात आणि मोडण्यासारखा घाट त्या रेणूला मुळी नसतोच. आत्याच्या डोळ्यात जाणाऱ्या रॅनिबिझुमॅबच्या एका रेणूत साडेसहा हजारांहून जास्त अणू आहेत. त्यातला एकही बंध न तुटता ते औषध निकामी होऊ शकतं. ते औषध प्रथिन आहे, म्हणजे अमिनो आम्ल नावाच्या छोट्या रेणूंच्या लांब साखळ्या, आणि त्याची सगळी किमया त्या साखळ्यांच्या घडीत आहे. घडी उलगडली की माल तोच राहतो, काम मात्र थांबतं.

हे औषध म्हणजे प्रतिपिंडाचा, सगळे म्हणतात त्या अँटिबॉडीचा, एक तुकडा आहे. अख्खं प्रतिपिंड इंग्रजी वाय अक्षरासारखं दिसतं. वरचे दोन हात शत्रूला पकडतात आणि खालचा देठ रोगप्रतिकारक पेशींना हाक मारतो. १९५९ साली रॉडनी पोर्टर यांनी सशाच्या रक्तातली प्रतिपिंडं पपेन वापरून कापली. पपेन म्हणजे पपईच्या चिकातलं पाचक द्रव्य. मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईचा तुकडा लावतात, तीच करामत. प्रतिपिंडाचे तीन तुकडे झाले, दोन हात आणि एक देठ. हाताच्या तुकड्याला फॅब म्हणतात. या आणि पुढच्या कामासाठी पोर्टर आणि जेराल्ड एडलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. रॅनिबिझुमॅब हे असंच एक फॅब. अमेरिकेत त्याला २००६ साली मान्यता मिळाली. आता मात्र ते कापून काढत नाहीत, थेट जिवाणूंकडून तेवढंच बनवून घेतात.

कापायचं कशासाठी? देठ नसला की नको ती हाक जात नाही, आणि तुकडा लहान असला की ऊतींमध्ये आतपर्यंत शिरतो. साप चावल्यावर देतात त्या औषधातही घोड्याच्या प्रतिपिंडांचे तुकडेच असतात. तिथे कापायला पेप्सिन हे जठरातलं पाचक द्रव्य वापरतात, म्हणून दोन्ही हात जोडलेले राहतात आणि देठ जातो. परळच्या हाफकिनचं नाव या औषधाशी कित्येक पिढ्यांपासून जोडलेलं आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं ते औषध बहुधा कोरड्या पावडरीच्या रूपात मिळतं, कारण आडगावातल्या आरोग्य केंद्रात वीज आणि फ्रीज यांचा भरवसा धरता येत नाही.

फॅबपेक्षाही लहान तुकडा करता येतो. प्रत्येक हात दोन साखळ्यांचा असतो. एकाच हातातल्या त्या दोन साखळ्यांची फक्त टोकं घ्यायची आणि साधारण १५ अमिनो आम्लांच्या दोरीने एकमेकांना बांधायची. याला एससीएफव्ही म्हणतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळालेल्या नेक्सकार-१९ या रक्तकर्करोगावरच्या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशींवर, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, असा तुकडा बसवलेला असतो. कर्करोगाची पेशी ओळखण्याचं काम तो तुकडाच करतो. म्हणजे एससीएफव्ही टिकण्याचा प्रश्न आपल्यापासून फार लांबचा नाही, पवई आणि परळमधलाच आहे.

आता मूळ मुद्दा. आत्याच्या चाळीला लागून आणखी एक चाळ होती. दोघींची एक भिंत सामायिक. शेजारची चाळ पुनर्विकासात पाडली आणि आत्याच्या स्वयंपाकघरामागची ती भिंत ऐंशी-नव्वद वर्षांत पहिल्यांदाच उघड्यावर आली. त्या भिंतीवर पलीकडच्या बिऱ्हाडांचे रंग अजून दिसतात. एका मजल्यावर पोपटी, त्यावर गुलाबी, एका कोनाड्यात देवघराचा काळा धूर. ती भिंत पावसासाठी बांधलेलीच नव्हती. बाहेरच्या भिंतीला असतो तसा गिलावा तिला नाही. पहिल्याच पावसाळ्यात आतून ओल आली, पोपडे सुटले, तुळईच्या टोकाला बुरशी धरली. चाळ पडली नाही, पण जिथून पडू शकेल ती जागा तयार झाली. मग लोखंडी टेकू लावले आणि वरून निळी ताडपत्री सोडली.

प्रतिपिंड कापल्यावर नेमकं हेच घडतं. प्रतिपिंड म्हणजे ओळीने बांधलेली छोटी छोटी घरं. प्रत्येक घर दोन पापुद्र्यांचं. पापुद्रे समोरासमोर, मध्ये पाण्याला टाळणारी तेलकट अमिनो आम्लं ठासून भरलेली, आणि दोन्ही पापुद्र्यांना सांधणारी गंधकाच्या दोन अणूंची एक पक्की खीळ. दोन घरं जिथे एकमेकांना टेकतात, तिथली भिंतही तेलकट असते. अख्ख्या प्रतिपिंडात ती झाकलेली असते, म्हणून पाण्याला दिसत नाही. शेजारचं घर काढून टाकलं की ती पाण्यासमोर उघडी पडते. आणि बाटलीत असे अब्जावधी तुकडे तरंगत असतात. एकाच्या उघड्या तेलकट जागेला दुसऱ्याची तेलकट जागा सापडली की ते चिकटतात, त्यांना तिसरा येऊन मिळतो, आणि हळूहळू गुठळी होते. गुठळी झालेलं औषध निकामी तर होतंच, शिवाय शरीर त्याच्याविरुद्धच उठण्याची भीती असते.

फॅबमध्ये निदान वरच्या दोन घरांखाली दोन भक्कम घरं शाबूत असतात आणि त्यांच्यातही गंधकाची खीळ असते. एससीएफव्हीला खालचा मजलाच नाही. वरची दोन घरं एका दोरीच्या भरवशावर एकमेकांना टेकून उभी असतात. ती मधूनमधून किंचित दूर होतात आणि परत जवळ येतात. आमच्या कामात याला 'श्वास घेणं' म्हणतात. दूर झाल्या क्षणी बाजूच्या रेणूचं अर्धं अंग मध्ये शिरलं तर जोड्याच बदलतात, याचा अर्धा त्याच्याशी आणि त्याचा अर्धा याच्याशी. टी-पेशीच्या पाठीवर बसवलेले तुकडे असे आपसात चिकटले तर कर्करोगाची पेशी समोर नसतानाही टी-पेशी पेटून उठते आणि खरी लढाई येईपर्यंत थकून जाते.

निसर्गाने याचं उत्तर उंटाच्या रक्तात आधीच लिहून ठेवलं होतं. उंट आणि लामा यांच्या काही प्रतिपिंडांत जोडीदार साखळीच नसते, हे १९९३ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं. तिथे वरचं घर पहिल्यापासून एकटंच उभं. त्यामुळे इतरांत जी भिंत जोडीदाराला टेकते, तिथली मोजकी तेलकट अमिनो आम्लं बदलून पाणी सोसणारी आली आहेत. त्या भिंतीला जन्मतःच बाहेरचा गिलावा आहे. या एकट्या घराला नॅनोबॉडी म्हणतात. मला या गोष्टीचं अजूनही फार अप्रूप वाटतं.

घडी टिकते तीही फार थोड्याच्या जोरावर. घडी घातलेल्या आणि उलगडलेल्या अवस्थेतला ऊर्जेचा फरक बहुतेक प्रथिनांत मोलमागे ५ ते १५ किलोकॅलरी एवढाच. हजारो ओढाताणी दोन्ही बाजूंनी चालू असतात आणि त्यांची वजाबाकी करून एवढीच शिल्लक उरते. त्यामुळे एखादं अमिनो आम्ल इकडचं तिकडे झालं, थोडी उष्णता वाढली, आम्लता बदलली, की पारडं फिरू शकतं.

हे सगळं आत पाहायचं कसं? सूक्ष्मदर्शकाखाली एकेका रेणूची हालचाल अशी अणूअणूगणिक दिसत नाही. म्हणून तो रेणू आम्ही संगणकात उभा करतो आणि अणूंना न्यूटनच्या नियमांवर सोडून देतो. द्रवातले अणू असे गणिताने हलवून पाहण्याचं पायाभूत काम १९६४ साली अनीसुर रहमान यांनी केलं. ते मूळचे हैदराबादचे, काम करत अमेरिकेत. द्रवरूप आरगॉनचे ८६४ अणू, बस्स. प्रथिनावरचा पहिला प्रयोग १९७७ चा. गाईच्या स्वादुपिंडातलं ५८ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन, भोवती पाणी नाही, आणि एकूण काळ सुमारे ९ पिकोसेकंद. म्हणजे सेकंदाच्या लाख कोटीव्या भागाच्या नऊ पट.

आज मी फॅब घेते तेव्हा त्याच्या अणूंच्या जागा एका जागतिक संग्रहातून फुकट मिळतात. १९७१ पासून तो संग्रह चालू आहे. साखळीची वळणं शक्य कोटीतली आहेत ना, हे भारतीय शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांच्या नकाशावर ताडून पाहते. तो नकाशा १९६३ मध्ये मद्रासला तयार झाला आणि आज जगभर कुणीही प्रथिन तपासताना आधी तोच उघडतो. मग फॅबला एका पेटीत ठेवून पेटी पाण्याने भरायची. फॅबचे साडेसहा हजार अणू, आणि पाणी धरून सगळे मिळून लाखाच्या घरात. थोडं मीठ टाकायचं, तापमान ३७ अंशांवर आणायचं. प्रत्येक अणूला कोण किती ओढतंय, कोण ढकलतंय, याची बेरीज करायची, त्याला कणभर सरकवायचं, आणि पुन्हा बेरीज. एक पाऊल २ फेम्टोसेकंदांचं. फेम्टोसेकंद किती लहान? एका सेकंदात जितके फेम्टोसेकंद मावतात, तितके सेकंद मोजायला तीन कोटींहून जास्त वर्षं लागतील. एक नॅनोसेकंद म्हणजे दहा लाख फेम्टोसेकंद. १०० नॅनोसेकंदांची हालचाल पाहायची तर अशी ५ कोटी पावलं. चांगलं ग्राफिक्स कार्ड असेल तर साधारण दिवसभराचं काम.

ओढाताणीचे नियम आधी ठरवून दिलेले असतात. कुठला बंध किती ताठ, कुठल्या अणूवर किती विद्युतभार. त्याला फोर्स फील्ड म्हणतात. संगणक त्याच्यापलीकडे काही जाणत नाही, जेवढं सांगितलं तेवढंच करतो. हे मला एका रनने, म्हणजे संगणकावरच्या अशा एका फेरीने, शिकवलं. सुरुवातीच्या काळात मी एका एससीएफव्हीची, तापमान मुद्दाम वाढवलेली, रन लावली होती. चौथ्या दिवशी पाहिलं तर एक घर मधोमध उघडत चाललेलं. मला वाटलं, दुबळी जागा सापडली. माझ्या मार्गदर्शक बाईंनी आलेखाकडे पाहिलंही नाही. त्या म्हणाल्या, "आधी गंधकांमधलं अंतर काढ." बांधलेल्या दोन गंधकांत ०.२ नॅनोमीटर अंतर असायला हवं. माझ्याकडे पहिल्या पावलापासूनच ०.४ च्या आसपास. फाइल तयार करताना खिळीची नोंदच राहून गेली होती. खीळ नसलेलं घर मी चार दिवस तापवत बसले होते, आणि ते अगदी प्रामाणिकपणे उघडलं होतं. आता कुठलीही रन लावण्याआधी मी खिळा मोजते. चार खिळा असलेल्या फॅबमध्ये चारही, आणि दोन घरांना जोडणारी पाचवी.

रन संपली की हातात एक लांबलचक चित्रफीत येते. ती मी आत्याला लॅपटॉपवर दाखवली. तिने लगेच वरच्या टोकाला बोट लावलं. तिथे एक वेटोळं सारखं फडफडत होतं. "हे सुटलंय बघ," ती म्हणाली. कुणालाही तसंच वाटेल. पण ती वेटोळी शत्रूला पकडण्याचीच, एका टोकाला सहा असतात, आणि त्यांनी हललंच पाहिजे. स्थिर रेणू म्हणजे न हलणारा रेणू नव्हे. हलून पुन्हा जागेवर येणारा तो स्थिर. म्हणून मी आधी पाहते ते पापुद्र्यांच्या कडांकडे. कडेचा एखादा धागा सुटतो, परत बसतो, सुटतो, आणि एखाद्या वेळी परत बसतच नाही. दोन घरांमधलं अंतर वाढतं आणि मध्ये पाण्याचा एक रेणू शिरतो. एक शिरला की दुसऱ्याला वाट सापडते. चाळीच्या भिंतीतही ओल एकाच भेगेतून आली होती. रेणू सुरुवातीच्या घाटापासून किती ढळला, कुठलं अमिनो आम्ल किती थरथरलं, तेलकट भाग किती उघडा पडला, याचे आकडे आम्ही काढतोच. तरी मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही. ढळण्याचा एकच मोठा आकडा निरुपद्रवी हेलकाव्याने येतो आणि खऱ्या पडझडीनेही येतो. फॅबची वरची दोन घरं खालच्या दोन घरांवर कोपरासारखी वाकतात. नुसता आलेख पाहिला तर वाटतं सगळं कोसळलं, आणि आत एकही धागा हललेला नसतो.

आता सर्वांत अवघड गोष्ट. बाटली फ्रीजमध्ये महिनोन्‌महिने राहते आणि माझी चित्रफीत मायक्रोसेकंदाची, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची. २०१० मध्ये अमेरिकेत खास बांधलेल्या एका यंत्रावर १९७७ चंच ते छोटं प्रथिन एक मिलिसेकंद चालवलं गेलं. काळ १० कोटींहून जास्त पटींनी वाढला, तरी तो सेकंदाचा हजारावा भागच. मग महिन्यांबद्दल कोणत्या तोंडाने बोलायचं?

थेट बोलायचंच नाही. आम्ही रेणूला तापवतो. ४०० केल्विन (म्हणजे सुमारे १२७ अंश सेल्सिअस), ४५०, कधी ५००. पेटीचा आकार बांधून ठेवला की पाणी उकळून उडून जात नाही. उष्णतेने घडी लवकर सुटते आणि आधी कुठला धागा सुटतो ते दिसतं. एकच रन पुरत नाही. वेगवेगळ्या सुरुवातींनी निदान तीन लावायच्या आणि तिन्हींत तीच जागा आधी सैल झाली तरच ती दुबळी मानायची. शिवाय औषध किती दिवस टिकेल हा प्रश्न आम्ही विचारतच नाही. या दोन रूपांतलं आधी कोण उलगडतं, एवढंच विचारतो. एक अमिनो आम्ल बदललेलं रूप आणि न बदललेलं रूप शेजारी शेजारी तापवायची. तुलनेत फोर्स फील्डच्या बऱ्याच चुका दोन्हीकडे सारख्या होतात आणि काही अंशी कटून जातात. प्रयोगशाळेत औषधाची शंभर रूपं करून पाहणं पैशाला आणि वेळेला परवडत नाही. संगणक त्यातली पाच-सात निवडून देतो. निकाल मात्र परीक्षानळीच देते. तिथे नमुना हळूहळू तापवून घडी कितव्या अंशाला वितळते ते मोजतात. बरीच फॅब ७० अंश सेल्सिअस ओलांडतात, एससीएफव्ही बहुधा त्याआधीच मान टाकतात.

काही गोष्टी या पद्धतीत बसतच नाहीत. यात रासायनिक बंध तुटत नाहीत आणि नवे जुळत नाहीत. ॲस्परजीन या अमिनो आम्लाला लागून ग्लायसीन हे दुसरं अमिनो आम्ल आलं तर ते ॲस्परजीन महिन्यांच्या काळात रासायनिकरीत्या बदलतं. माझी चित्रफीत तो बदल कधीच दाखवणार नाही. ती जागा किती मोकळी आणि लवचीक आहे एवढं मात्र दाखवते, आणि त्यावरून धोक्याचा अंदाज बांधता येतो. सर्पविषाच्या औषधात तर एकाच प्रकारचा रेणू नसतोच. घोड्याने बनवलेल्या असंख्य वेगवेगळ्या तुकड्यांचं ते मिश्रण असतं. त्यातला कुठला रेणू पेटीत ठेवणार? तिथे पावडर करून पाणी काढून घेणं हाच शहाणपणा ठरला आहे. आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने आता घडीचं चित्र अमिनो आम्लांच्या क्रमावरून झटक्यात मिळतं, त्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. ते चित्र मी रोज वापरते. पण ते उभ्या घराचा फोटो देतं. पावसात ते घर कसं वागेल हे त्या फोटोत नसतं.

फ्रीजरबद्दल दुकानदार बजावतो ते त्यासाठीच. गोठताना शुद्ध पाण्याचा बर्फ होतो आणि उरलेल्या थेंबभर पाण्यात सगळं प्रथिन आणि सगळं मीठ कोंबलं जातं. गर्दी वाढली की तेलकट जागा एकमेकींना सापडतात. शिवाय बर्फाच्या पृष्ठभागावर घसटून घडी सुटते ती वेगळीच. म्हणून २ ते ८ अंश. गार हवं, गोठलेलं नको.

आत्या चित्रफीत परत परत मागे नेऊन पाहत होती. मग तिने मला माझ्या सध्याच्या कामाचा रेणू दाखवायला लावला. एक एससीएफव्ही, तिन्ही रनमध्ये खालच्या बाजूला त्याच कडेचा धागा सुटणारा. फॅबमध्ये जिथे खालचं घर टेकतं, नेमकी तीच जागा. तिथे ल्युसीन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, तेलकट, आता पाण्यात उघडं.

"म्हणजे इथे ताडपत्री घालणार तर," ती म्हणाली.

त्या ल्युसीनच्या जागी पाण्याला मानवणारं थ्रिओनीन घालून तीन रन सोमवारी रात्री लावल्या आहेत. गंधकांमधली अंतरं आधी मोजली, दोन्ही ठिकाणी ०.२. पहिली रन शनिवारी संपेल, आणि शनिवारीच आत्याचं पुढचं इंजेक्शन आहे.